नोट सीलबंद, आकडा ६५ : ग्रेडिंगवर किती विश्वास ठेवायचा?

इन्स्टाग्रामवर जुन्या नोटा-नाण्यांची रील्स बघत असाल, तर गेल्या काही वर्षांत झालेला एक बदल लक्षात आला असेल. आधी विकणारा माणूस नोट तळहातावर धरून दाखवायचा. आता ती जाड पारदर्शक पाकिटात सीलबंद असते. वर लेबल, लेबलवर बारकोड, एक लांबलचक नंबर आणि ठळक अक्षरांत आकडा : ६४, ६५, ६७. नाणं असेल तर पाकिटाऐवजी कडक प्लॅस्टिकची चपटी डबी, जिला या धंद्यात 'स्लॅब' म्हणतात. पोकेमॉन किंवा क्रिकेटचं कार्ड असेल तरी स्लॅबच, फक्त आकडा १० च्या पुढे जात नाही. खाली कॅप्शन ठरलेलं : "ग्रेडेड आहे, डोळे झाकून घ्या."

डोळे झाकून घ्यावं का, हाच आजचा विषय आहे. कारण त्या आकड्यात एकाने फरक पडला तरी किंमत दुप्पट-तिप्पट होऊ शकते, आणि तो आकडा मशीन नव्हे तर माणसं ठरवतात.

हे ग्रेडिंग असतं काय?

तुमच्याकडे एक जुनी नोट आहे. ती खरी आहे का आणि किती चांगल्या अवस्थेत आहे, हे सांगायला एक तिसरा माणूस हवा. विकणारा म्हणणार कोरी करकरीत, घेणारा म्हणणार चुरगळलेली. हा तिसरा माणूस म्हणजे ग्रेडिंग कंपनी. फी भरून वस्तू पाठवायची, तिथले जाणकार ती तपासतात, आकडा देतात आणि सीलबंद करून परत पाठवतात.

नाण्यांसाठी पीसीजीएस आणि एनजीसी, नोटांसाठी पीएमजी, कार्डांसाठी पीएसए, बेकेट आणि सीजीसी ही जगभर चालणारी नावं. सगळ्या अमेरिकन कंपन्या. एनजीसी, पीएमजी आणि सीजीसी फ्लोरिडातल्या, पीएसए कॅलिफोर्नियातली. हा धंदा फार जुना नाही. पीसीजीएस आणि एनजीसी १९८० च्या दशकात सुरू झाल्या, पीएसए १९९१ मध्ये आणि पीएमजी २००५ मध्ये. भारतातल्या लिलावांच्या कॅटलॉगमध्येही आता पीएमजीच्या पाकिटातल्या नोटा सर्रास दिसतात.

या कंपन्यांचा उपयोग नाही असं अजिबात नाही. बनावट माल ओळखण्यात त्यांचा हात भल्याभल्यांना धरता येत नाही. साधारणपणे एकापेक्षा जास्त लोक वस्तू बघतात, आणि ती कोणाची आहे हे बघणाऱ्याला सांगितलं जात नाही. काही अटींवर हमीही असते. बनावट वस्तू चुकून पास झाली, तर भरपाई मिळू शकते. घरबसल्या, फोटोवर विश्वास ठेवून खरेदी करणाऱ्यासाठी हा मोठा आधार आहे.

पण 'खरी की खोटी' हा एक प्रश्न झाला आणि '६५ की ६६' हा दुसरा. पहिल्याचं उत्तर बरंचसं पुराव्यावर देता येतं. दुसरं उत्तर हे मत असतं. लेबलवर दोन्ही शेजारी छापलेली असतात, म्हणून दोन्ही सारखीच पक्की वाटतात. सगळा घोळ इथूनच सुरू होतो.

७० हाच आकडा का?

नोटा आणि नाण्यांचं मोजमाप १०० वर नाही, ७० वर होतं. परीक्षेत १०० पैकी मार्क मिळवलेल्या आपल्यासारख्यांना हे विचित्र वाटतं. त्यामागची गोष्टही विचित्रच आहे.

विल्यम शेल्डन हा अमेरिकन मानसशास्त्रज्ञ. त्याला जुन्या तांब्याच्या सेंटचा नाद होता. १९४९ मध्ये त्याने एक पद्धत मांडली : झिजून जेमतेम ओळखता येणाऱ्या नाण्याची किंमत १ धरली, तर त्याच प्रकारच्या सर्वोत्तम नाण्याची किंमत त्याच्या ७० पट. म्हणजे हा आकडा मुळात अवस्था मोजायला आलाच नव्हता. तो भाव काढायचा गुणाकार होता, तोही एका देशाच्या एका प्रकारच्या नाण्यांचा, त्या काळातल्या बाजाराचा. पुढे भावाचं ते गणित कोलमडलं, पण आकडे तसेच राहिले आणि आज ते आपल्याकडच्या रुपयालाही लावले जातात.

आणि हो, शेल्डनबद्दल आणखी एक गोष्ट त्याच्या मृत्यूनंतर बाहेर आली. न्यूयॉर्कच्या अमेरिकन न्युमिस्मॅटिक सोसायटीच्या संग्रहातली चांगली नाणी काढून त्याने त्या जागी हलक्या प्रतीची ठेवली होती. एक-दोन नाही, शंभराहून जास्त. ग्रेडचा जनक ग्रेडचीच अदलाबदल करत होता! हे वाचल्यावर मला तरी त्या आकड्याकडे देवाचा कौल म्हणून बघणं जमत नाही.

स्टेपलची भोकं : दोष की जन्मखूण?

आता आपल्या घरातली गोष्ट. तिशी-चाळिशीच्या पुढच्या प्रत्येकाला आठवत असेल, बँकेतून नोटांचं बंडल मिळायचं ते स्टेपल मारलेलं. ती पिन काढताना नखं तुटायची, कधी नोटही फाटायची. रिझर्व्ह बँकेने 'क्लीन नोट' धोरण आणलं आणि २००१ मध्ये बँकांना बंडलांना स्टेपल मारणं बंद करून कागदी पट्टी लावायला सांगितलं. म्हणजे त्याआधीची जी भारतीय नोट कधीच कोणाच्या खिशात गेली नाही, थेट बंडलातून संग्रहात आली, तिलाही डावीकडे भोकं असतातच.

ग्रेडिंग करणाऱ्याने काय करायचं? नोटेला भोक म्हणजे दोष, हा साधा नियम. तो लावला तर जुन्या भारतीय नोटांपैकी जवळजवळ कोणतीच वरच्या ग्रेडला जाणार नाही. म्हणून पीएमजीने मधला मार्ग काढला. अशा नोटांच्या लेबलवर 'स्टेपल होल्स ॲट इश्यू' असा शेरा येतो, म्हणजे भोकं नोट बाहेर पडतानाच होती. मग भोकं असलेली नोटही ६४, ६५ मिळवू शकते. तेच भोक कोणी नंतर टाचणी मारून पाडलं असेल, तर मात्र ते नुकसान.

मला हा निर्णय बरोबर वाटतो. पण हा निर्णय आहे, मोजमाप नाही, एवढं लक्षात ठेवायचं. आणि त्याचा व्यवहारात परिणाम होतो. ६५ चा आकडा बघून नोट घेतली, लेबलवरची बारीक अक्षरं वाचली नाहीत, आणि घरी आल्यावर उजेडात धरली तर भोकं दिसली, असं होऊ शकतं. विकणाऱ्याने फसवलेलं नसतं. लेबलवर सगळं लिहिलेलं होतं, आपण फक्त मोठा आकडा वाचला.

असाच पेच कॅनडातल्या एका कार्डाचा आहे. आपण हॉकी म्हटलं की ध्यानचंद आठवतात, तिकडे बर्फावरच्या हॉकीचा राजा म्हणजे वेन ग्रेट्झकी. त्याचं पहिलं कार्ड १९७९ च्या मोसमात ओ-पी-ची या कॅनडियन कंपनीने च्युइंगमबरोबर काढलं. आपल्याकडे बिग फन बबलगममधून क्रिकेटची कार्डं यायची, तसलाच प्रकार. ही कंपनी कार्डांचे ताव तारेने कापायची, त्यामुळे कडा खरबरीत राहायच्या. मग खरबरीत कड हा दोष धरायचा की अस्सलपणाची खूण? जाणकार उलटा विचार करतात. या कार्डाची कड फारच गुळगुळीत असेल तर संशय येतो, की नंतर कोणी पातं फिरवलं का. या कार्डाच्या पीएसए १० मिळालेल्या दोनच प्रती होत्या आणि त्यातली एक २०२१ मध्ये ३७.५ लाख डॉलरला विकली गेली. तेच कार्ड, तोच फोटो, पण ग्रेड एक-दोन पायऱ्या खाली असेल, तर किंमत या रकमेच्या जवळपासही जात नाही.

पहिलंच कार्ड, आणि त्यालाच पातं

इतका पैसा एका आकड्यावर टांगलेला असेल, तर तो आकडा वर ढकलायचा मोह कोणाला होणार नाही?

पीएसएने १९९१ मध्ये ग्रेड केलेलं सर्वात पहिलं कार्ड हॉकीचं नव्हतं, बेसबॉलचं होतं. होनस वॅग्नर या खेळाडूचं, १९०९ ते १९११ दरम्यान सिगारेटच्या पाकिटातून आलेलं. मालक मात्र हॉकीतलेच होते. ग्रेट्झकी आणि त्याच्या क्लबचा मालक ब्रूस मॅक्नॉल यांनी ते त्याच वर्षी लिलावात ४ लाख ५१ हजार डॉलरला घेतलं होतं. ग्रेड मिळाला ८. ऐंशी वर्षं जुन्या कागदाच्या तुकड्याला ८ म्हणजे अद्भुत. त्या जोरावर किंमत चढत गेली आणि २००७ मध्ये ते २८ लाख डॉलरला गेलं.

कुजबुज आधीपासून होती, की याच्या कडा जरा जास्तच चांगल्या आहेत. २०१३ मध्ये बिल मास्ट्रो या मोठ्या लिलावदाराने एका फसवणुकीच्या खटल्यात गुन्हा कबूल केला, तेव्हा हेही मान्य केलं की ते कार्ड विकण्याआधी त्याने स्वतः त्याच्या कडा कापल्या होत्या. २०१५ मध्ये त्याला २० महिन्यांची शिक्षा झाली. नियमानुसार कापलेल्या कार्डाला आकडा मिळतच नाही. या कार्डाला मिळाला होता, आणि याच कार्डाने ग्रेडिंगच्या धंद्याला नाव मिळवून दिलं होतं.

हा जुना किस्सा म्हणून सोडून देता आला असता. पण २०१९ मध्ये संग्राहकांनी लिलावांचे जुने फोटो शेजारी ठेवून दाखवलं, की अनेक कार्डं आधी कमी ग्रेडमध्ये होती, मग स्लॅब फोडून, कडा-कोपरे 'सुधारून' पुन्हा पाठवली गेली आणि वरचा ग्रेड घेऊन परत आली. २०२५ च्या सुरुवातीला पोकेमॉनचा नंबर लागला. हा खेळ १९९६ च्या सुमारास तयार होत असताना छापलेली म्हणून सांगितलेली चाचणी-कार्डं सीजीसीने तपासून सीलबंद केली होती. रंगीत प्रिंटर कागदावर डोळ्यांना न दिसणारे पिवळे ठिपके सोडतात, ज्यात छपाईची तारीख दडलेली असते. काही चाहत्यांनी ते ठिपके वाचले. तारीख निघाली २०२४!

दोन्ही वेळा चूक पकडली ती कंपनीने नाही, छंद म्हणून रात्र-रात्र फोटो ताडून बघणाऱ्या लोकांनी.

शिवाय पैशाचं गणित बघा. ग्रेडिंगची फी कोण भरतो? ज्याची वस्तू आहे तो. ज्याला वरचा आकडा हवा आहे, तोच गिऱ्हाईक. महागड्या वस्तूला फी जास्त असते, आणि ग्रेड मिळून वस्तूची किंमत वर गेली तर पीएसए जास्तीचे पैसेही लावते. म्हणून आकडे मुद्दाम फुगवले जातात असं मी म्हणत नाही, कारण विश्वास गेला तर धंदाच बसेल. पण पंचाची फी एकाच टीमकडून येते, हे ठाऊक असलेलं बरं.

नियमही बदलतात. कार्डाचं चित्र चौकटीच्या किती मधोमध आहे, यासाठी पीएसए १० ला पूर्वी ६०-४० पर्यंत सूट होती. आता ती साधारण ५५-४५ अशी घट्ट केली आहे. जुन्या नियमाने १० मिळालेलं कार्ड मात्र अजून १० च आहे. दोन स्लॅबवर एकच आकडा असला तरी दोघांची परीक्षा सारखी झाली असेल असं नाही.

पितांबरीने घासलेला रुपया

हा भाग घराघरातला आहे म्हणून जरा थांबू या. आजीच्या डब्यातला चांदीचा रुपया किंवा देव्हाऱ्यातली शिवराई दरवर्षी लक्ष्मीपूजनाला बाहेर निघते. त्याआधी ती चिंचेने, राखेने, अलीकडे पितांबरीने लखलखीत घासली जाते. आपल्या दृष्टीने ही श्रद्धा आणि स्वच्छता. ग्रेडिंगच्या दृष्टीने हा नाण्याचा खून. घासल्याने वरचा मूळ थर जातो आणि बारीक ओरखडे राहतात. अशा नाण्याला आकडा मिळत नाही, 'डिटेल्स' असा शेरा आणि पुढे 'क्लीन्ड' असं कारण येतं. नाणं खरं असतं, पण किंमत पडते.

माळेत ओवण्यासाठी डाग देऊन कडी लावलेल्या नाण्याचंही हेच. कडी काढली तरी खूण राहते आणि लेबलवर तसं येतं.

विकायचं असेल किंवा नुसतं जपायचं असेल, तरी एकच गोष्ट करा : घासू नका. आणि पूजेतला रुपया पूजेतच ठेवायचा असेल तर खुशाल घासा, तो फ्लोरिडाच्या परीक्षकासाठी कधी नव्हताच.

आगाशीतून नाणं फ्लोरिडाला पाठवता येतं?

बऱ्याच व्हिडिओंमध्ये हा मुद्दा सांगतच नाहीत. वसई-विरारच्या पट्ट्यात जुनी नाणी सापडणं नवल नाही. वसईवर १५३४ पासून १७३९ पर्यंत पोर्तुगीज होते आणि त्यांनी वसईत नाणी पाडली. आगाशी हे त्या काळातलं गजबजलेलं बंदर. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई घेतली. समजा आगाशीतल्या एका जुन्या घरात डब्यात काही शिवराया आणि एक-दोन अनोळखी नाणी निघाली. ग्रेड करून घ्यावीत का?

पहिली अडचण कायद्याची. १९७२ च्या पुरावशेष कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुनं नाणं हा पुरावशेष, आणि तो खासगी माणसाला देशाबाहेर पाठवता येत नाही. 'विकायला नाही, फक्त तपासायला पाठवतोय' म्हटल्याने पार्सल देशातच राहतं असं नाही. ही शंभर वर्षांची रेघ दरवर्षी पुढे सरकते. १९११ चा पंचम जॉर्जचा रुपया घ्या. राजाच्या झग्यावरचा हत्ती डुकरासारखा दिसतो म्हणून ओरड झाली आणि नक्षी बदलावी लागली, तो 'पिग रुपया'. तो ही रेघ केव्हाच ओलांडून गेला. १९३९ चा दुर्मीळ चांदीचा रुपया अजून अलीकडे आहे. याच रुपयाच्या बनावट प्रती खूप फिरतात, त्यामुळे तिथे तज्ज्ञांकडून तपासणीला खरंच अर्थ आहे.

नाणी डब्यात न निघता घराचा पाया खणताना निघाली, तर वेगळा कायदा. १८७८ च्या इंडियन ट्रेझर ट्रोव्ह ॲक्टनुसार जमिनीत सापडलेली, दहा रुपयांहून जास्त किमतीची ठेव जिल्हाधिकाऱ्यांना कळवावी लागते. दहा रुपये ही मर्यादा १८७८ ची, पण कायदा अजून जिवंत आहे.

दुसरी अडचण मोजपट्टीची. शिवराई हातोड्याने पाडलेली. कुठे 'श्री राजा शिव' मधलं निम्मं अक्षर तुकड्याबाहेर, कुठे 'छत्रपति' तिरकं. एकसारख्या यंत्रातून निघालेल्या नाण्यांसाठी बनलेली ७० ची पट्टी इथे लंगडी पडते. खुद्द एनजीसीने प्राचीन नाण्यांसाठी वेगळा विभाग केला. तिथे ठसा कसा उमटला आणि पृष्ठभाग कसा आहे, याला ५ पैकी गुण देतात. आणि त्या विभागात अस्सलपणाची हमी कंपनी देत नाही, फक्त मत देते. शिवराई त्या विभागात मोडत नाही, पण जिथे मोजायला एकसारखा नमुनाच नाही तिथे मोठी कंपनीही हात राखून बोलते, हे यातून दिसतं.

अशा नाण्यासाठी मुंबईच जवळ. विरारहून चर्चगेट लोकल पकडली की फोर्टात रिझर्व्ह बँकेचं मॉनेटरी म्युझियम आहे, तिथून चालत जाता येईल अशा अंतरावर छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाचं नाण्यांचं दालन. आपल्याकडे काय आहे याचा अंदाज यायला ही दोन ठिकाणं पुरेशी आहेत. खोलात जायचं असेल तर नाशिकजवळ अंजनेरीला नाणकशास्त्राची संशोधन संस्था आहे, तिथलं संग्रहालय बघण्यासारखं आहे.

सीलबंद वस्तू घेताना

लेबलवरचा नंबर कंपनीच्या अधिकृत साइटवर स्वतः टाका. विकणाऱ्याने पाठवलेल्या लिंकवरून नको, कारण हुबेहूब दिसणारी साइटही बनवता येते. तिथे वस्तूचा फोटो असेल तर डाग, घडी, नोटेचा क्रमांक जुळवून बघा. नुसता नंबर जुळणं पुरेसं नाही. खऱ्या स्लॅबचा नंबर चोरून बनावट स्लॅबवर छापला जातो, आणि असे बनावट स्लॅब बाजारात असल्याचा इशारा या कंपन्यांनीच दिलेला आहे. 'या ग्रेडमध्ये जगात फक्त ५ आहेत' असं कोणी म्हणालं तर जरा थांबा. कंपन्या अशी मोजदाद छापतात, पण लोक स्लॅब फोडून तीच वस्तू पुन्हा पाठवतात, त्यामुळे एकच वस्तू दोनदा मोजली जाते. आणि जिच्या शेकडो बंडलांपैकी कोणी ग्रेडिंगला काही पाठवलंच नाही, ती नोट यादीत दुर्मीळ दिसते.

अनोळखी कंपनीचा चकचकीत स्लॅब असेल, तर आकड्याकडे न बघता आत काय आहे ते बघा. १० लिहायला छपाईचा खर्च सारखाच येतो.

आणि ग्रेड म्हणजे दुर्मीळपणा नव्हे. ट्रॅक्टरची पाच रुपयांची नोट अमाप छापली गेली. ती ६७ मिळवून आली तरी ग्रेडिंगचा आणि कुरिअरचा खर्च निघेल का, याचा हिशेब आधी मांडा.

याच ट्रॅक्टरच्या नोटेवरून, ७८६ नंबरवरून आणि टांकसाळीच्या चौकोनी खुणेवरून 'लाखो मिळवा'चे व्हिडिओ फिरतात. टांकसाळीची ती खूण तर मुंबईत पाडलेल्या अगदी साध्या नाण्यांवरही असते. त्या व्हिडिओंचा शेवट ठरलेला : तुमच्या नोटेला गिऱ्हाईक तयार आहे, फक्त आधी रजिस्ट्रेशन, मग जीएसटी, आणि हल्ली 'ग्रेडिंग सर्टिफिकेटची फी' भरा. ४ ऑगस्ट २०२१ रोजी रिझर्व्ह बँकेने याबद्दल सावध केलं होतं. बँक अशा व्यवहारांत नसते, कसलंही कमिशन किंवा शुल्क मागत नाही, आणि तसं करायला तिने कोणालाही नेमलेलं नाही. पैसे गेलेच असतील तर सायबर हेल्पलाइन १९३० वर लगेच फोन करा. पहिल्या काही तासांत कळवलं, तर रक्कम पुढच्या खात्यात जाण्याआधी अडवता येण्याची शक्यता जास्त असते.